सूर्य नसलेल्या मैदानातली मोटार

ब्रूनो सिमोन हा फ्रान्समधला वेब डेव्हलपर. 2019 साली त्याने स्वतःची वेबसाइट केली, ती वाचायची नव्हतीच. नारिंगी मैदानात एक खेळण्यातली मोटार उभी. कीबोर्डवरचे बाण दाबले की ती धावू लागते. त्याची कामं पाहायची तर तिथवर गाडी हाकत जायचं. वाटेत त्याच्या नावाची मोठाली अक्षरं. त्यांना धडक द्यायचा मोह आवरत नाही, आणि धडक बसली की ती खरंच कलंडतात. आपलं नाव पाहुण्यांनी पाडावं म्हणून दारातच मांडून ठेवणारा माणूस मला तिथल्या तिथे आवडला. (नुसता ईमेल पत्ता शोधायला आलेला माणूस मात्र वैतागेल, हेही खरं.)

ब्राउझरला हे जमतं ते वेबजीएलमुळे. 2011 साली आलेल्या या तंत्रामुळे वेबपान थेट ग्राफिक्सच्या चिपला कामाला लावू शकतं. ते वापरणं किचकट. ती कटकट थ्री-जेएस ही रिकार्डो काबेयो यांनी सुरू केलेली लायब्ररी पुष्कळ हलकी करते.

पण मला चक्रावून टाकलं ते ब्रूनोच्या मैदानातल्या उन्हाने. मैदानावर कोवळं ऊन पडलंय असं वाटतं, गाडीचा टप चकाकतो, आणि त्या जगात एकही दिवा नाही! साध्या पडद्यावर सेकंदाला 60 चित्रं उमटतात, म्हणजे एका चित्राला जेमतेम 16 मिलिसेकंद. तेवढ्यात खऱ्यासारख्या उजेडाचं गणित मांडायचं तर साध्या फोनची दमछाक होणार. म्हणून ब्रूनोने मॅटकॅपची युक्ती वापरली. एका गोळ्याचं चित्र घ्यायचं, त्यावर छटा आणि चकाकी आधीच रंगवलेली. मग वस्तूचा प्रत्येक ठिपका कुठे तोंड करून आहे ते बघायचं, गोळ्यावरच्या त्याच दिशेचा रंग उचलायचा, लावायचा. झालं ऊन!

सावल्याही अशाच. जागच्या जागी राहणाऱ्या वस्तूंच्या सावल्या आधीच तयार करून जमिनीला चिकटवलेल्या. हलणाऱ्या वस्तूंखाली सावलीचं एक चित्र सरकत राहतं आणि वस्तू उंच उडाली की फिकट होतं. संगीत नाटकाच्या पडद्यावर राजवाड्याच्या खांबांबरोबर त्यांच्या सावल्याही रंगवलेल्या असत, तसंच हे. त्यावरची कडी म्हणजे जमिनीचा नारिंगी रंग. खऱ्या जगात तो वस्तूंच्या खालच्या अंगावर थोडा परावर्तित झाला असता, म्हणून त्याने तोही हिशेबाने तिथे चढवला. कुणी मुद्दाम पाहणार नाही, पण नसता तर काहीतरी खटकलं असतं.

धडकेचा हिशेब आणखी निराळा. दिसणाऱ्या मोटारीमागे न दिसणारी ठोकळ्यांची मोटार असते. आदळणं, घसरणं, कलंडणं सगळं तिच्या वाट्याला. देखणी मोटार फक्त ती जाईल तिथे जात राहते.

या साइटचा कोड खुला आहे, आणि तो पाहून मोटारीच काढत बसण्यात मला गंमत वाटत नाही. मला शिकण्यासारखी वाटते ती या उन्हातली अडचण. मॅटकॅपचा उजेड वस्तूला नव्हे, कॅमेऱ्याला बांधलेला असतो. कॅमेरा वस्तूभोवती फिरला की ऊनही त्याच्याबरोबर फिरतं आणि लबाडी उघडी पडते. या मैदानात कॅमेरा मोटारीचा पाठलाग करतो, पण वरून तिरकं पाहणारा आपला कोन सहसा सोडत नाही, म्हणून लबाडी झाकलेली राहते. टेबलावर मांडलेल्या खेळण्यांकडे आपण बघतो, तोच हा कोन.