हवेचे छप्पर

जानेवारीतील पहाट डोळ्यांसमोर आणा. सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरण्याचे हे दिवस. फजरच्या नमाजाहून परतताना कोपऱ्यावर शेकोटी पेटलेली दिसते. तिचा धूर थोडा वर जातो आणि मग आडवा पसरून पत्र्यांवर तरंगत राहतो. तेथेच दुपारी चूल पेटवली, तर धूर वर चढून दिसेनासा होतो. असे का होते?

रात्री आकाश निरभ्र असले की जमीन लवकर थंड होते. तिला लागून असलेली हवाही थंड व जड होते. तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. एरवी जसजसे उंच जावे तसतशी हवा थंड होते. येथे उलटेच घडते. खालची जड हवा वर चढू शकत नाही. जणू शहरावर ठेंगणे छप्परच पडते! वाहनांचा धूर, रस्त्यावरची धूळ, जळता कचरा, सारे त्याखाली कोंडते. ऊन चढून जमीन तापली, की हवा वर उसळते आणि छप्पर उंच जाते. तेवढाच धूर मग मोठ्या जागेत पसरून विरळ होतो.

ओझोन वायू मात्र अपवाद आहे. तो कडक उन्हात इतर वायूंपासून तयार होतो, म्हणून दुपारीच वाढतो.

उन्हाळ्यात छप्पर खूप उंच असते, पण वारा सुकलेल्या रानातील धूळ उडवतो. पुढे मान्सून येतो. (हा शब्द तुमच्या 'मौसम'चाच भाऊ, दोन्ही अरबीतून आले.) पाऊस हवा धुऊन काढतो.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने सात रस्ता येथे हवेतील धूळ मोजली आहे. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार १० मायक्रोमीटरपर्यंतच्या धूळकणांचे प्रमाण २४ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सोलापूरचाही समावेश झाला. पण सरासरीत पहाट आणि दुपार एकत्र मिसळतात. दमा असलेल्या आजोबांच्या छातीत सरासरी हवा जात नाही. ते फिरायला निघतात त्या वेळची हवा जाते.

तुमच्या घरी असे कोणी असेल, तर हिवाळ्यात ऊन चढल्यावर, वर्दळीच्या रस्त्यापासून दूर फिरायला जाण्यास त्यांना सांगा. आणि अंगण झाडून जमलेला पालापाचोळा पहाटे कोणी पेटवू लागले, तर तो धूर कुठवर जातो ते त्यांना तिथेच उभे करून दाखवा.