तबकडीवरील चित्रपट : अस्सल आणि नक्कल

घरगुती तबकडीवरील चित्रपटाची पारख करताना पहिला कज्जा उभा राहतो तो पडद्याच्या वरखाली दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यांचा. साताऱ्याच्या राजपथावर काय किंवा सांगलीच्या गणपती पेठेत काय, ‘चित्र कापले आहे’ अशी फिर्याद घेऊन तबकडी परत करू पाहणारे गिऱ्हाईक नवलाचे नव्हे. वस्तुतः कापाकापी होते ती बहुधा पट्ट्या नसलेल्या प्रतीत. वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर ज्याचे चित्रण झाले, त्या आशुतोष गोवारीकरांच्या ‘स्वदेस’ची (२००४) चौकट उंचीच्या २.३५ पट रुंद आहे. जुन्या ४:३ आकाराच्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा काठोकाठ भरण्याच्या हट्टापायी अशा चौकटीतले सुमारे ४३ टक्के क्षेत्र बाजूंनी छाटावे लागते, आणि मग घाट तरी उरतो किंवा घाटावरचा माणूस तरी.

दुसरा भ्रम आकड्यांचा. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचे, डीव्हीडीचे ७२० बाय ५७६ पर्यंत, म्हणजे चौपट, आणि ब्लू-रेचे त्याच्याही पाचपट. हे खरे असले तरी भांडे मोठे घेतल्याने दूध दाट होत नाही. मूळ निगेटिव्ह न शोधता चित्रपटगृहात झिजलेल्या प्रतीवरून नक्कल केली, तर ब्लू-रे तिच्यावरचे ओरखडेच इमानाने दाखविणार. डीव्हीडी-डीव्हीडीतही तफावत असते: तीन तासांचा चित्रपट ४.७ गिगाबाइटच्या एका थरात कोंबला की ध्वनी धरूनही सेकंदाला जेमतेम ३५ लाख बिट वाट्याला येतात. चित्राची कमाल मर्यादा मात्र ९८ लाखांची आहे. याचा दाखला वाहत्या पाण्यात मिळतो. स्थिर चेहरा निभावून जातो, पण घाटाच्या पायरीशी हलणाऱ्या लाटेचे चौकोनी तुकडे पडू लागले, की काटकसर कोठे झाली ते उमगते. (दुकानातला संच मुद्दाम भडक लावलेला असतो; त्याच्यावरून निवाडा करू नये.)

चित्रात वळवळणारे बारीक कण दोष मानून ते घासून काढलेली प्रतही पुष्कळांना ‘स्वच्छ’ वाटते. ते कण फिल्मचेच अंग आहेत. ते पुसताना कातडीच्या सुरकुत्या आणि लुगड्याचा पोत हेही पुसले जातात, व माणसे मेणाची दिसतात.

ध्वनीच्या बाबतीत तर वेष्टनावरील ५.१ (म्हणजे सहा वाटांचा ध्वनी) या आकड्याची मोहिनी विलक्षण! आटपाडी तालुक्यातील माडगुळ्याच्या ग. दि. माडगूळकरांची गीते ज्यात आहेत, तो ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) एकमार्गी ध्वनीचा चित्रपट आहे. असा ध्वनी मागाहून सहा वाटांनी पांगविला तर मुळात नसलेली माहिती निर्माण होत नाही. उलट आवाजाला विहिरीतल्यासारखी घुमारी येण्याचा संभव अधिक. तबकडीच्या यादीत मूळ एकमार्गी ध्वनीचा पर्याय असेल तर तोच निवडावा, आणि गाण्यातील ‘स’, ‘श’ ही अक्षरे बोथट झाली आहेत काय एवढे कान देऊन ऐकावे. झाली असतील, तर खरखर काढताना आवाजाचा वरचा भागही खरवडला गेला, असे खुशाल समजावे.