टेनिसपटूंची जागतिक पेठ

२०२५ च्या ऑक्टोबरात शांघायच्या मास्टर्स टेनिस स्पर्धेचा अंतिम सामना नात्याने एकमेकांचे भाऊ लागणाऱ्या दोन खेळाडूंत झाला. मोनॅकोचा व्हालान्तँ व्हाशरो जिंकला, फ्रान्सचा आर्त्यूर रँडरक्नेश हरला. जागतिक क्रमवारीत २०४ वा असलेला, पात्रता फेरीतून वर आलेला खेळाडू उपान्त्य सामन्यात जोकोविचला नमवून एवढ्या मोठ्या स्पर्धेचे अजिंक्यपद पटकावतो, या नवलाने वृत्तपत्रांचे रकाने भरून गेले. त्या कौतुकाच्या गडबडीत एक गोष्ट काहीशी मागे राहिली. हे दोघेही टेक्सासमधील ए. अँड एम. विद्यापीठाचे माजी विद्यार्थी होत. महाराष्ट्राची ऋतुजा भोसले हीदेखील त्याच विद्यापीठाच्या महिला संघातून खेळली आणि पुढे २०२३ साली हांगझौच्या आशियाई क्रीडास्पर्धेत रोहन बोपण्णासमवेत तिने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. ज्या गावात हे विद्यापीठ आहे त्याचे नावच कॉलेज स्टेशन. अशा आडबाजूच्या गावी मोनॅकोचा मुलगा, फ्रान्सचा मुलगा आणि आपली मराठी मुलगी ही तिघे पोचली कशी, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी एखादी रॅकेट भिंतीला टेकून उभी असेल, त्यांच्यासाठी केवळ कुतूहलाचा नाही.

अमेरिकेतील विद्यापीठांचे टेनिस प्रशिक्षक जगभर खेळाडू हुडकत फिरतात, ही प्रथा आजची नव्हे. पेरूचा आलेक्स ओल्मेदो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून १९५६ व १९५८ साली आंतरविद्यापीठ एकेरीचा विजेता झाला आणि १९५९ मध्ये त्याने विंबल्डन जिंकले. मेक्सिकोचा राफाएल ओसुना त्याच विद्यापीठाचा. १९६२ चे आंतरविद्यापीठ विजेतेपद त्याच्याकडे गेले. स्वीडनचा मिकाएल पर्नफोर्स आधी फ्लोरिडातील एका लहानशा दोनवर्षीय महाविद्यालयात होता. तेथून जॉर्जिया विद्यापीठाने त्याला नेले. १९८४ व १९८५ ही दोन्ही वर्षे त्याने गाजवली आणि १९८६ साली तो थेट फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम फेरीत दिसला. मात्र त्या काळी परदेशी खेळाडू हा संघातला पाहुणा असे. आज पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयीन टेनिसमध्ये निम्म्याहून अधिक खेळाडू परदेशी आहेत आणि काही संघांत अमेरिकन मुलगा शोधावा लागतो.

याचे कारण प्रशिक्षकांच्या विश्वबंधुत्वात नाही, हिशेबात आहे. दोन विद्यापीठांच्या सामन्यात तीन दुहेरी आणि सहा एकेरी लढती होतात. दुहेरीच्या तिन्ही लढती मिळून एकच गुण, एकेरीच्या प्रत्येक लढतीचा एकेक. चार गुण आधी करील तो संघ विजयी. म्हणजे पहिल्या क्रमांकावरच्या तेजस्वी खेळाडूने मिळवलेला गुण आणि सहाव्या क्रमांकावरच्या अनामिकाने मिळवलेला गुण यांची किंमत सारखीच. प्रशिक्षकाला एक विजयी वीर पुरत नाही. बऱ्यापैकी खेळणारी सहा माणसे लागतात आणि तीही प्रतिवर्षी. त्याची नोकरी, त्याचा करार, त्याच्या साहाय्यकांचा पगार हे सारे या चार गुणांवर अवलंबून असते. अमेरिकेतील सर्वोत्तम मुले एकतर थेट व्यावसायिक टेनिसकडे वळतात, नाहीतर आठदहा नामांकित विद्यापीठांत विखुरतात. उरलेल्या शेकडो विद्यापीठांनी काय करावे? त्यांनी नकाशा उघडला.

त्यात शिष्यवृत्तीचे गणित. आपल्याकडे 'अमेरिकेची फुल स्कॉलरशिप' हा शब्द फार सैलपणे उच्चारला जातो, म्हणून हे थोडे सविस्तर सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. २०२४-२५ च्या वर्षापर्यंत पहिल्या श्रेणीत पुरुषांच्या संपूर्ण टेनिस संघाला मिळून साडेचार शिष्यवृत्त्या होत्या. प्रशिक्षक त्यांचे तुकडे करीत असे. कोणाला ऐंशी टक्के, कोणाला तीस, कोणाला नुसती पुस्तके. महिलांच्या संघाला आठ शिष्यवृत्त्या, त्याही पूर्ण आणि अविभाज्य. स्त्रियांना शिक्षणसंस्थांत समान संधी देणारा कायदा १९७२ साली झाला, त्याचे हे फळ. पुरुषांच्या फुटबॉल संघावर होणाऱ्या खर्चाचा तोल कोठेतरी साधायचा असतो, तो महिलांच्या टेनिससारख्या खेळांत साधला गेला. परिणाम असा की, एकाच तोलाच्या भाऊबहिणींपैकी बहिणीचे शिक्षण फुकट होई आणि भावाच्या बापाला तरीही कर्ज काढावे लागे. २०२५ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या न्यायालयाने एका मोठ्या तडजोडीला मान्यता दिली, तेव्हापासून ही संख्यामर्यादा गेली आणि ती तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना संघातील दहाही खेळाडूंना शिष्यवृत्ती देण्याची मुभा मिळाली. पण मुभा म्हणजे पैसे नव्हेत. त्याच तडजोडीने खेळाडूंना उत्पन्नाचा वाटा देण्याची वाट मोकळी केली आणि तो वाटा मुख्यतः फुटबॉल व बास्केटबॉलकडे वळतो. तिजोरी आवळली गेल्यावर काही विद्यापीठांनी टेनिसचे संघच बंद केले.

आता शोध प्रत्यक्ष कसा चालतो ते पाहू. पूर्वी प्रशिक्षकाला निरोप्यांवर विसंबावे लागे. जुना विद्यार्थी ब्राझीलमध्ये असतो, तो पत्र लिहितो की इकडे एक डावखुरा पोरगा आहे. प्रशिक्षक त्याच्या शब्दावर तिकीट पाठवतो. हे जाळे अजूनही आहे आणि म्हणूनच अनेक विद्यापीठे साहाय्यक प्रशिक्षक मुद्दाम परदेशी नेमतात. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचे डेव्हिड रोदिती मूळचे मेक्सिकोचे. त्यांच्याकडे कॅमेरन नॉरी आला. तो जन्माने दक्षिण आफ्रिकेचा, वाढला न्यूझीलंडमध्ये, खेळला ब्रिटनसाठी. परंतु या जाळ्यावर आता आकड्यांची सत्ता बसली आहे. युनिव्हर्सल टेनिस रेटिंग, अर्थात यू.टी.आर., ही पद्धत खेळाडूला एक ते साडेसोळा या मापात बसवते. वय, लिंग, देश काही पाहत नाही. मागील बारा महिन्यांतील सामने घेते आणि प्रतिस्पर्धी केवढा होता व त्याच्याकडून किती गेम मिळाले एवढेच मोजते. त्यामुळे क्रोएशियातील एका खेड्यातला मुलगा आणि कोल्हापुरातला मुलगा यांची तुलना ओहायोतील प्रशिक्षक आपल्या टेबलापाशी बसून करू शकतो. या मापात सामना ६-०, ६-० हरणे आणि ७-५, ७-५ हरणे यांत मोठे अंतर पडते. आपल्या पालकांना याची कल्पना कमी; ते हरजीत पाहतात, प्रशिक्षक गेम मोजतो.

याचीच एक काळी बाजू आहे. ज्याच्याशी खेळायला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी नाही त्याचा आकडा वाढत नाही. गोव्यासारख्या ठिकाणी स्पर्धा मोजक्या, त्यांत तीच ती मुले. मिरामारच्या कोर्टावर कितीही घाम गाळला तरी आकडा वाढवण्यासाठी पुणे, मुंबई, बंगळूर गाठावे लागते आणि पुढे परदेशी कुमार स्पर्धा. प्रवास, मुक्काम, प्रशिक्षक, तारा, चेंडू, सगळी पदरमोड. ही पेठ सर्वांना खुली असली तरी तिच्या दारापर्यंत जाण्याचे भाडे सर्वांच्या खिशात नसते.

आकड्यांनी यादी होते. निवड मात्र अजून डोळ्यांनीच होते. फ्लोरिडातील ऑरेंज बाउल ही कुमारांची स्पर्धा १९४७ पासून चालू आहे. तेथे किंवा विंबल्डनच्या कुमार गटाच्या वेळी कोर्टाच्या कडेला विद्यापीठाच्या टोप्या घातलेली माणसे वह्या घेऊन बसलेली असतात. ती फोरहँड पाहत नाहीत असे नाही. पण फोरहँड त्यांनी चित्रफितीत आधीच पाहिलेला असतो. मुलगा दोन चुका सलग झाल्यावर काय करतो, वादग्रस्त चेंडूला 'बाहेर' म्हणताना किती घाई करतो, हरल्यावर आईच्या हातात पिशवी भिरकावतो की काय, हे पाहायला ते समुद्र ओलांडून येतात. महाविद्यालयीन टेनिसमध्ये खेळाडू एकटा नसतो. शेजारच्या कोर्टावर सहकारी हरत असतो, प्रेक्षक ओरडत असतात आणि सतरा वर्षे एकट्याने खेळलेल्या मुलाला प्रथमच दुसऱ्यासाठी जिंकावे लागते. ज्याला हे जमणार नाही तो संघ नासवतो. खेळाच्या शाळेत गुणपत्रिकेला जागा नसते असे समजणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे की, प्रशिक्षक शाळेचे गुणही विचारतो. विद्यार्थी नापास झाला तर त्याला खेळता येत नाही, आणि पुरुषांच्या तुटपुंज्या शिष्यवृत्तीत अभ्यासाच्या बळावर मिळणारे साहाय्य मिसळता आले तर तेवढाच प्रशिक्षकाचा पैसा वाचतो. पुष्कळ भारतीय मुलांची वर्णी लागते ती या हुशारीच्या जोडीमुळे.

नियमांचे जंजाळ मोठे आहे. शाळा संपल्यावर टेनिसपटूला सहा महिन्यांच्या आत महाविद्यालयात दाखल व्हावे लागते, त्यानंतर तो स्पर्धा खेळत राहिला तर त्याच्या खेळण्याच्या वर्षांतून कपात होते, हा दीर्घकाळ चालत आलेला दंडक. बक्षिसाच्या रकमेवरही अशीच मर्यादा होती. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या रीझ ब्रँटमायरने २०२४ साली त्याविरुद्ध दावा लावला; अमेरिकन खुल्या स्पर्धेत कमावलेले पैसे तिला सोडावे लागले होते. हे नियम वर्षावर्षाला बदलत आहेत, त्यामुळे शेजारच्या मुलाला चार वर्षांपूर्वी जे लागू पडले ते आपल्या मुलाला लागू पडेल असे धरून चालू नये. या जंजाळातच दलालांचे फावते. मुलाची चित्रफीत बनवणे, पत्रे पाठवणे, कागदपत्रे लावणे यांसाठी ठरावीक मोबदला घेणाऱ्या संस्थांना मनाई नाही. परंतु 'शिष्यवृत्ती मिळाली तर तिच्यातून अमुक टक्के द्या' असा करार अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या नियमांत बसत नाही आणि तो उघडकीस आला तर खेळण्याचा हक्क मुलाचा जातो, दलालाचा नव्हे. शिष्यवृत्ती एका वर्षाची की चारही वर्षांची, दुखापत झाली तर काय, आणि आपल्याला बोलावणारा प्रशिक्षक पुढच्या वर्षी तेथे असणार का, हे प्रश्न पालकांनी संकोच न करता विचारावेत. प्रशिक्षकाला त्यांची सवय असते.

अमेरिकेत या प्रथेविरुद्ध कुरकुर आहे आणि ती सर्वस्वी अन्यायाची आहे असे आम्ही म्हणणार नाही. राज्याच्या करावर चालणाऱ्या विद्यापीठात त्या राज्यातील एकही मुलगा टेनिस संघात नसावा, हे तेथील बापाला खुपणारच. परदेशी खेळाडूंची वर्षे कापणारा नियम पूर्वी होता. हॉवर्ड विद्यापीठाच्या फुटबॉल संघासंबंधीच्या खटल्यात १९७५ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो टिकू दिला नाही. आता अडसर वेगळ्या बाजूने येत आहेत. २०२५ च्या मे अखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणेच अमेरिकन वकिलातींनी काही आठवडे थांबवले होते. खेळाडूंना नाव व प्रसिद्धी यांतून पैसे मिळवण्याची मोकळीक मिळाली, पण विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला ते घेणे अवघड. आणि सर्वांत मोठा फरक संघबदलाच्या यादीने केला आहे. २०१८ पासून विद्यापीठ सोडू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नावे तीत एकत्र येतात आणि २०२४ पासून वारंवार विद्यापीठ बदलले तरी वर्षभर बसून राहावे लागत नाही. बावीस वर्षांचा, तीन हंगाम मुरलेला स्पॅनिश खेळाडू शेजारच्या राज्यातून आयता मिळत असताना पुण्याच्या किंवा पणजीच्या सतरा वर्षांच्या कोवळ्या पोराची वाट कोणता प्रशिक्षक पाहील? दार बंद झालेले नाही, पण उंबरठा उंच होत आहे.

आपल्याकडे या विषयाला नेहमी एक हळवे वळण दिले जाते: आमची गुणी पोरे परदेशी नेली. आम्हांला ते पटत नाही. महेश भूपतीने मिसिसिपी विद्यापीठाकडून १९९५ चे दुहेरीचे विजेतेपद लेबननच्या अली हमादेबरोबर मिळवले आणि दोनच वर्षांनी तो ग्रँड स्लॅम जिंकणारा पहिला भारतीय झाला. व्हर्जिनियाच्या सोमदेव देववर्मनने २००७ व २००८ असे लागोपाठ आंतरविद्यापीठ अजिंक्यपद मिळवले. २०१० चे आशियाई सुवर्णपदक भारताच्या खात्यावर जमा झाले. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमध्ये शिकला. अठराव्या वर्षी आपल्या मुलापुढे आपण जो पेच टाकतो, की बारावी कर नाहीतर टेनिस खेळ, तो या मुलांपुढे तेथे आला नाही. आपले शालान्त मंडळ खेळाडूला परीक्षेत काही क्रीडागुण देते. चांगली गोष्ट आहे. पण सकाळी सराव, दुपारी वर्ग, सायंकाळी व्यायामशाळा आणि शनिवारी आठ हजार मैलांवरून आलेल्या मुलांशी सामना, असे चार वर्षांचे वेळापत्रक देणारे एकही विद्यापीठ आम्हांला देशात दाखवता येत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात स्वित्झर्लंडमधील बील येथे डेव्हिस करंडकाची लढत झाली. भारताने तमिळनाडूचा दक्षिणेश्वर सुरेश हा जागतिक क्रमवारीत सहाशेच्या पलीकडचा खेळाडू पदार्पणासाठी उतरवला आणि त्याने आपल्याहून कितीतरी वरच्या स्थानावरील जेरोम किमला सरळ सेटमध्ये हरवले. भारताने ती लढत ३-१ अशी जिंकली. युरोपीय संघावर त्यांच्या भूमीत असा विजय १९९३ नंतर प्रथमच मिळाला. सुरेश त्या वेळी नॉर्थ कॅरोलायनातील वेक फॉरेस्ट विद्यापीठाचा खेळाडू होता, त्याच वर्षी आंतरविद्यापीठ सांघिक अजिंक्यपद मिळवणाऱ्या विद्यापीठाचा.