गुटखाबंदी झाली, पाच लाखांचे कवचही मिळाले. तोंडाची तपासणी कोण करणार?

महाराष्ट्रात गुटखाबंदीचा पहिला आदेश जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली निघाला. असा आदेश वर्षभरापुरताच असतो, म्हणून तो दरवर्षी नव्याने काढावा लागतो. पुढे सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, मावा, खर्रा हेही त्यात आले. चुना लावून मळायची साधी तंबाखू मात्र सुटली. आपल्या आयाबहिणी सकाळी दाताला लावतात ती मिश्रीही सुटली. आणि खर्रा खरेच बंद आहे का, हे नागपूरकरांनीच सांगावे!

दुसऱ्या टोकाला उपचार. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. २०२३ च्या निर्णयाने ते पाच लाख झाले आणि योजना राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, किमोथेरपी, रेडिएशन त्यात येते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवायचे. पण मंजुरीला बायोप्सीचा अहवाल लागतो. म्हणजे योजनेचा उपयोग सुरू होतो तो रोग सापडल्यावर.

तो सापडायचा कसा? तिशीपुढच्या प्रत्येकाचे तोंड दर पाच वर्षांनी तपासावे, असे केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. मशीन लागत नाही. बॅटरीच्या उजेडात गाल, जीभ, हिरड्या पाहायच्या. पण हा सरकारी कार्यक्रम आहे, कायद्याने दिलेला हक्क नाही. तपासणी झालीच नाही तर दाद कुठे मागणार? राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. महाराष्ट्रात तसा कायदा नाही, आणि आमच्या मते मागणी नेमकी इथेच करायला हवी.

या साध्या तपासणीने जीव वाचतात, हे केरळात सिद्ध झाले आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले.

'दुखत नव्हते, म्हणून दाखवले नाही' हे वाक्य आपण किती घरांत ऐकले आहे! सुरुवातीला दुखतच नाही. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, तिखट अजिबात न सोसणे, यांपैकी काहीही दिसले तर जिल्हा रुग्णालय गाठावे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालयेही आहेत.

विहार समित्यांना आमची विनंती आहे. जयंतीच्या खर्चात शिबिराचा खर्च जड नाही. जवळच्या आरोग्य केंद्राला पत्र द्या, पौर्णिमेला माणसे जमतातच, तेव्हा तपासणी ठेवा. सफाई कामगार आणि बांधकाम मजूर यांना आधी बोलवा. रोजंदारी बुडवून ते दवाखान्यात जाणार नाहीत. महिलांसाठी वेगळी वेळ ठेवा, मिश्रीची गोष्ट त्या पुरुषांसमोर काढत नाहीत.

तंबाखू सोडण्यासाठी मोफत मदत: १८००-११-२३५६. फुले योजनेची माहिती: १५५३८८.