चिनी नक्षी आणि आपले घर

बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही गावात, कोणत्याही घरात जा. लोणच्याची बरणी, चहाची कपबशी किंवा पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या बशा तेथे बहुधा दिसतातच. मराठीत या वस्तूंना 'चिनी मातीची भांडी' म्हणतात. उर्दूत त्यांना 'चीनी के बरतन' म्हणतात. यांपैकी पुष्कळशी भांडी भारतातच तयार झालेली असतात. तरी त्यांचे नाव चीनशी जोडलेले आहे.

आता हे नाव केवळ भांड्यांपुरते राहिलेले नाही. खामगाव, मलकापूर, चिखली यांसारख्या शहरांत नवी घरे उभी राहत आहेत. काही घरांत बांबूच्या पानांची छपाई केलेले पडदे, निळ्या नक्षीची फुलदाणी, कागदाचे गोल दिवे, जाळीदार लाकडी आडपडदा अशा वस्तू दिसतात. कोणी म्हणतो, "ही परकी नक्षी आपल्या घरात कशाला?" दुसरा म्हणतो, "दिसायला सुंदर आहे ना? मग झाले!" ही नक्षी कोठून आली, ती कोणी घडवली आणि तिचा अर्थ काय, हे आपण समजून घेऊ. मग या दोघांनाही उत्तर देता येईल.

प्रथम भांड्यांची माहिती घेऊ. चीनमध्ये जिंगदेझेन नावाचे शहर आहे. त्याच्याजवळ काओलिंग नावाची टेकडी आहे. तेथे एक पांढरीशुभ्र, मऊ माती सापडते. या टेकडीच्या नावावरूनच त्या मातीला 'केओलिन' हे नाव पडले. या मातीत एका विशिष्ट दगडाची पूड मिसळतात आणि भांडे घडवतात. ते वाळले, की कोबाल्ट नावाच्या खनिजाची पूड पाण्यात कालवून कुंचल्याने त्यावर नक्षी काढतात. मग काचेसारखा लेप देऊन ते भट्टीत भाजतात. भट्टीची उष्णता सुमारे १३०० अंश सेल्सिअस असते. भाजण्यापूर्वी काळपट दिसणारी रेघ भट्टीतून निघताना गर्द निळी झालेली असते. लेपाखाली असल्यामुळे हा रंग धुतल्याने जात नाही.

तुम्हांला वाटेल, हा निळा रंग तरी अगदी चिनीच असणार. परंतु खरी गोष्ट निराळी आहे. १४ व्या शतकात जिंगदेझेनच्या कारागिरांनी जे उत्तम कोबाल्ट वापरले, ते इराणमधून येत असे. इराणातील काशान शहराचे कारागीर निळ्या चकाकत्या फरशा करण्यात निष्णात होते. अशा कामाला फारसी-उर्दूत 'काशीकारी' म्हणतात. ते नाव काशानवरूनच पडले आहे. मुसलमान व्यापाऱ्यांनी ही निळी पूड चीनला नेली. चिनी कारागिरांनी ती आपल्या पांढऱ्या भांड्यांवर चढवली. पुढे १५०६ ते १५२१ या काळात राज्य करणाऱ्या झेंगदे या सम्राटाच्या वेळी तर अरबी आणि फारसी अक्षरे लिहिलेली निळी-पांढरी भांडीही चीनमध्ये तयार झाली. आज ती जगातील निरनिराळ्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. माती चीनची, रंग इराणचा आणि अक्षरे अरबी, असा हा संगम होता.

ही भांडी भारतातही फार पूर्वीपासून येत होती. प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता याला दिल्लीच्या मुहम्मद बिन तुघलकाने आपला वकील म्हणून चीनकडे पाठवले. १३४२ मध्ये तो दिल्लीहून निघाला. वाटेत तो दौलताबादला थांबला होता. चिनी मातीची भांडी चीनमधून भारतात जातात आणि पुढे थेट आपल्या मोरोक्को देशापर्यंत पोहोचतात, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवले आहे.

दौलताबाद, म्हणजेच देवगिरी, आपल्या शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. त्या किल्ल्यात 'चिनी महाल' नावाची एक इमारत आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने १६८७ नंतर याच महालात कैदेत ठेवले होते. हा महाल कोणा चिनी माणसाने बांधलेला नाही. त्याच्या भिंतींवर पूर्वी रंगीत, चकाकत्या फरशांची सजावट होती. तशी चकाकी दिसली, की लोक त्या वस्तूला 'चिनी' म्हणत. म्हणजे त्या काळी हा शब्द देशाबरोबरच कामाच्या सफाईचेही नाव झाला होता.

मुघलांच्या इमारतींत 'चीनीखाना' नावाचा एक प्रकार आढळतो. भिंतीत ओळीने लहान लहान कोनाडे करायचे आणि त्यांत सुरया, फुलदाण्या मांडायच्या, अशी ही पद्धत. दिल्लीच्या लाल किल्ल्यातील बागेत सावन आणि भादों नावाचे दोन मंडप आहेत. तेथील कोनाड्यांत दिवसा फुलदाण्या आणि रात्री दिवे ठेवत आणि त्यांच्यापुढून पाणी वाहत असे. आपल्या जुन्या घरांतील कोनाडा तुम्हांला ठाऊक आहे. उर्दूत त्याला 'ताक' म्हणतात. कोनाड्यात मांडलेली एकच निळी सुरई सगळी भिंत कशी उजळते, हे त्या काळच्या लोकांनी ओळखले होते.

यानंतर मुंबई बंदराचा काळ आला. १९ व्या शतकात मुंबईचे पारशी व्यापारी जहाजांतून चीनला जात. त्यांत सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांचे नाव मोठे आहे. हे व्यापारी परत येताना चहा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी आणत. चिनी कारागिरांनी भरतकाम केलेल्या रेशमी साड्याही ते आणत. या साड्यांना 'गारा' म्हणतात. त्यांवर बगळ्यासारखे पक्षी, फुले, बांबू, पूल आणि चिनी माणसे भरलेली असत.

गंमत अशी, की या नक्षीला पारशी घरांतील स्त्रियांनी आपली नावे दिली. लहान-मोठ्या गोल ठिपक्यांच्या नक्षीला त्या 'कांदा-पापेटा', म्हणजे कांदा-बटाटा, म्हणू लागल्या. एका फुलाला तर त्यांनी 'करोळिया', म्हणजे कोळी, असे नाव दिले! चीनमधील कारागिराने फूल भरले आणि मुंबईच्या घरात त्याचा कोळी झाला. अशा रीतीने परकी नक्षी हळूहळू घरची झाली. 'तनछोई' या रेशमी कापडाची कथाही अशीच सांगतात. तीन पारशी भाऊ चीनमध्ये जाऊन ते विणायला शिकले, अशी ती कथा आहे. आज तनछोई बनारसच्या मागांवर विणली जाते.

परंतु या व्यापाराची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. मुंबईहून चीनकडे जाणाऱ्या जहाजांत कापूस असे, तशीच अफूही असे. अफूच्या व्यसनाने चीनमधील असंख्य घरे उद्ध्वस्त झाली. १८३९ मध्ये लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने अफूच्या २०,००० हून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यावरून इंग्रजांनी चीनशी युद्ध केले. १८४२ मध्ये चीन हरला आणि हाँगकाँग बेट इंग्रजांकडे गेले. जमशेटजींच्या देणग्यांतून मुंबईत रुग्णालय आणि कलाशाळा उभ्या राहिल्या, हे खरे आहे. त्यांच्या व्यापारात अफू होती, हेही तितकेच खरे आहे. दिवाणखान्यातील सुंदर फुलदाणीची किंमत कधी कधी दूरच्या देशातील कुटुंबाने मोजलेली असते. वस्तूचे सौंदर्य पाहताना ती कोणत्या वाटेने आली, हेही विचारावे, ते यासाठी.

युरोपातील लोकांनाही चिनी नक्षीचे वेड लागले. इंग्लंडमधील ब्रायटन येथे एक राजवाडा आहे. १८१५ ते १८२२ या काळात त्याला आजचे रूप मिळाले. बाहेरून त्याचे घुमट हिंदुस्थानी पद्धतीचे आहेत आणि आतील खोल्या चिनी पद्धतीने सजवलेल्या आहेत. तसेच, पूल, झाड आणि उडणारे दोन पक्षी असलेल्या निळ्या बशा तुम्ही कोठे तरी पाहिल्या असतील. या नक्षीबरोबर दोन चिनी प्रेमिकांची एक करुण कथा सांगतात. पण ही नक्षी इंग्लंडमधील कारखानदारांनी तयार केली आणि कथाही तेथेच रचली गेली. तेव्हा 'चिनी' असे नाव असलेली प्रत्येक नक्षी चीनमधूनच आलेली असते, असे समजू नये.

आता या नक्षीचा अर्थ पाहू. चीनमध्ये पुष्कळ चित्रे ही शुभेच्छांची भाषा आहे. चिनी भाषेत 'मासा' आणि 'विपुलता' या शब्दांचा उच्चार सारखाच आहे. म्हणून मासा हे भरभराटीचे चिन्ह झाले. 'वटवाघूळ' आणि 'सुदैव' यांचेही तसेच. आपण वटवाघळाला अशुभ मानतो. चिनी माणूस त्याला ताटावर रंगवतो! बांबू वादळात वाकतो पण मोडत नाही, म्हणून तो सज्जनाचे प्रतीक आहे. पाइन जातीचे झाड, बांबू आणि थंडीत फुलणारे आलुबुखाऱ्याचे फूल यांना 'हिवाळ्याचे तीन मित्र' म्हणतात. संकटातही जे साथ सोडत नाहीत, ते हे मित्र. युरोपातील जुन्या गोष्टींत आग ओकणारा ड्रॅगन दुष्ट असतो. चीनमध्ये मात्र तो ढग आणि पाऊस यांचा स्वामी आहे. पावसाची वाट पाहणाऱ्या आपल्या वऱ्हाडातील शेतकऱ्याला हा अर्थ चटकन समजेल.

अशी नक्षी घरात वापरायची असेल, तर काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली गोष्ट म्हणजे प्रमाण. चिनी चित्रकार कागदाचा मोठा भाग कोरा ठेवतो. ती मोकळी जागा हाही चित्राचाच भाग असतो. आपल्या लहान खोलीतही सगळीकडे नक्षी केली, तर डोळ्यांना थकवा येतो. एका पांढऱ्या भिंतीजवळ एक निळी फुलदाणी किंवा साध्या गादीवर नक्षीचे दोन अभ्रे पुरेसे असतात. दुसरी गोष्ट म्हणजे हवामान. आपल्याकडील उन्हाळा कडक आणि धुळीचा असतो. जाड चकचकीत पडद्यांपेक्षा धुता येणारे सुती कापड बरे. त्यावर बांबूची किंवा ढगांची छपाई छान दिसते. ज्या घरात प्राण्यांची किंवा माणसांची चित्रे लावत नाहीत, त्यांच्यासाठी चिनी जाळीची नक्षी योग्य आहे. तडकलेल्या बर्फासारख्या रेषांची जाळी चीनच्या जुन्या खिडक्यांत दिसते. गावातील कुशल सुतार ती लाकडात करून देऊ शकतो. अशा जाळीतून वारा येतो आणि आडोसाही होतो.

बाजारात आणखी एक प्रकार मिळतो. हसणारा बुद्ध, तीन पायांचा बेडूक, लाल दोऱ्यात ओवलेली नाणी अशा वस्तू 'घरात पैसा येईल' असे सांगून विकतात. हसणारी ही मूर्ती गौतम बुद्धांची नाही. ती बुदाई नावाच्या एका चिनी भिक्षूची आहे. वस्तू आवडली, तर शोभेसाठी जरूर घ्यावी. पण बेडूक ठेवून कर्ज फिटत नाही. ते मेहनतीने आणि काटकसरीनेच फिटते. नशिबाच्या नावाने दुप्पट किंमत मोजण्याचे कारण नाही.

उलट, तोच पैसा जवळच्या कारागिराला देता येतो. विदर्भातच, चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे ग्रामोदय संघ या संस्थेने मातीकामाची परंपरा जोपासली आहे. कोकणात सावंतवाडीला लाकडावर लाखेचे रंगकाम होते. चीनमध्येही लाकडावर तसे चकाकते काम करतात; पण तेथील रोगण एका झाडाच्या चिकापासून मिळते, तर आपली लाख एका किड्यापासून मिळते. साहित्य वेगळे, तरी हातांचे कष्ट सारखेच. एकावर एक पातळ थर देत, प्रत्येक थर वाळण्याची वाट पाहत हे काम करावे लागते.

आता त्या दोन प्रश्नांकडे वळू. ही नक्षी परकी आहे का? इराणचा रंग, चीनची माती, अरबी अक्षरे आणि मुंबईच्या स्त्रियांनी दिलेली नावे, हे सारे तिच्यात आहे. तिला एकाच देशाची कशी म्हणावी? मग नुसती सुंदर दिसते म्हणून ती घ्यावी का? तेवढे पुरेसे नाही. तिचा अर्थ जाणावा, ती कोणी घडवली हे विचारावे आणि आपल्या घराला, आपल्या ऐपतीला शोभेल तेवढीच घ्यावी. असे निवडून घेतलेली एक साधी कपबशीही घराची शोभा वाढवते. घरातील एखादी जुनी बशी उलटी करून पाहा. तिच्या तळावर कारखान्याचे किंवा गावाचे नाव असेल. तिची गोष्ट तेथून सुरू होते. पुढची गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांना विचारा.