नदी जगते ओढ्यांच्या जिवावर

प्रल्हादाच्या आईचे नाव मिरवणारी कयाधू वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात उगम पावते, हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव, हिंगोली, कळमनुरी या तालुक्यांतून वाहते आणि पुढे पैनगंगेला मिळते. संत नामदेवांची नर्सी तिच्याच काठी, हिंगोली शहरही तिच्याच काठी. पावसाळ्यात ती थड्या सोडून धावते, हिवाळ्यात धार बारीक होत जाते आणि उन्हाळ्यात पात्रात डबकी उरतात. अशी नदी पुन्हा वाहती करायची तर काम कुठे करायचे? सहज सुचणारे उत्तर म्हणजे पात्रात पोकलेन उतरवून गाळ काढायचा. पण नदीचे दुखणे पात्रात नसते. ते असते तिला मिळणाऱ्या ओढ्यांत आणि ओढ्यांच्या वरच्या माळांवर. आणि तिथे केलेले काम टिकवणे गावाशिवाय दुसऱ्या कुणालाही जमत नाही.

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा नकाशावर कोरडा दिसत नाही. दक्षिणेकडे पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, उत्तरेकडे पैनगंगेवर ईसापूर. पूर्णेच्या कालव्याने वसमतचा पट्टा पालटला. तिथे ऊस, केळी आणि हळद उभी राहिली. ‘वसमत हळदी’ला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण कालव्याचे पाणी उताराने जाते, माळावर चढत नाही. सेनगाव, औंढा नागनाथ, कळमनुरीतली कित्येक गावे आजही पाऊस आणि विहिरीवरच आहेत. सोयाबीन आणि तूर पावसावर निघतात, रब्बीचा हरभरा विहिरीला पाणी असेल तेवढाच. त्यात हळद आता कालवा सोडून विहिरी आणि ठिबकवर माळरानाकडे सरकली आहे. हे पीक आठ-नऊ महिने जमिनीत राहते. म्हणजे पाऊस संपल्यावरही चार-पाच महिने ते पाणी मागते, आणि ते द्यायचे असते भूजलाने.

हे भूजल साठवणारी इथली कोठी लहान आहे. खाली काळा पाषाण. पाणी मुरते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. म्हणून इथली विहीर चार दमदार पावसांत भरते आणि तितक्याच लवकर तळ गाठते. बोअर खोल नेल्याने पाणी नवे तयार होत नाही; अनेकदा शेजाऱ्याच्या विहिरीतले आपल्याकडे येते, इतकेच.

पाणलोटाच्या कामात ‘माथा ते पायथा’ हा क्रम सांगितला जातो, त्याचे कारण हेच. आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर, मग उतारावरच्या शेतांची बांधबंदिस्ती, मग ओढ्यात दगडी बांध, गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीत बांधलेल्या दगडांचे बांध आणि सर्वांत शेवटी सिमेंट बंधारा. वरचे काम न करता खाली बंधारा बांधला, तर दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. उघड्या उतारावरून पाणी मातीसकट खाली येते. तेच पाणी पावसाळ्यात पूर होते आणि उन्हाळ्यात नसते. जुलै 2022 मध्ये अतिवृष्टीने वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात पाणी शिरले, तेव्हा पूर आणि टंचाई एकाच जिल्ह्यात कशा नांदतात हे दिसले.

कयाधूवर या दिशेने विचार करणाऱ्यांत कळमनुरी तालुक्यातल्या उमरा येथील उगम ग्रामीण विकास संस्थेचे नाव घ्यावे लागते. जयाजी पाईकराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कयाधूच्या पुनरुज्जीवनाचा प्रश्न काठच्या गावांसमोर मांडला. पुढे राज्य सरकारच्या ‘चला जाणूया नदीला’ या 2022 मध्ये सेवाग्रामहून सुरू झालेल्या अभियानातही कयाधूचा समावेश झाला. नदीसंवाद यात्रा, ओढ्यांची पाहणी, गावसभा ही कामे फोटोत उठून दिसत नाहीत. पण आपला ओढा कोणत्या नदीचा, हे गावाला कळणे हीच पहिली पायरी.

दुसरी पायरी हिशेबाची. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. समजा, गावाचे शिवार 500 हेक्टर आणि पाऊस 850 मिलिमीटर. आकाशातून आले 425 कोटी लिटर. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण त्यातले बरेचसे वाहून जाते, बरेचसे बाष्प होऊन उडते, काही मातीत ओल म्हणून राहते आणि थोडेच विहिरीपर्यंत झिरपते. त्या थोड्यातून आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी, मग रब्बी, मग हळद. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे ‘पोकरा’त, 2018 पासून गावोगाव असा ताळेबंद मांडला गेला. या प्रकल्पात मराठवाड्यातले आठही जिल्हे होते.

ताळेबंद मांडणे सोपे, पाळणे अवघड. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे वेगळेपण बंधाऱ्यांत नाही. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियम केला. पाऊस कमी पडला की जास्त पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही, हे ठरवले आणि पाळले. अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच विषयावरच्या कामासाठी. जगभरची सामाईक कुरणे, मासेमारी आणि कालवे पाहून त्यांनी दाखवून दिले की सामाईक साधन सरकारने ताब्यात घेतले किंवा खासगी केले तरच वाचते, असे नाही. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, एकमेकांवर लक्ष ठेवले, मोडणाऱ्याला आधी सौम्य आणि मग कडक दंड केला, आणि सरकारने तो अधिकार मान्य केला, तर ते पिढ्यान् पिढ्या टिकते.

यातली शेवटची, सरकारने अधिकार मान्य करण्याची अट महत्त्वाची. प्रकल्प आला की समिती होते, निधी संपला की समितीही संपते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. राखणीचे कष्ट आणि उत्पन्नाचा हक्क एकाच हाती आले. कळमनुरी आणि औंढा भागातल्या आंध आदिवासी वस्त्यांना 2006 च्या वनहक्क कायद्याचा अर्थ हाच आहे.

गावाच्या नियमालाही खोट असते. चराईबंदीने बागायतदाराच्या विहिरीला पाणी येते आणि भूमिहीनाच्या शेळ्यांचा चारा जातो. त्याला गवत कापून नेण्याचा हक्क, पाण्यात वाटा किंवा रोजगार हमीचे काम मिळाले नाही, तर तो नियम मोडेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. शिवाय नदी एका गावाची नसते. खरबीजवळ कयाधूचे पाणी ईसापूर धरणाकडे वळवण्याच्या योजनेला हिंगोलीकरांनी विरोध केला, कारण आमच्या शिवाराचा हिशेब आधी करा, असे त्यांचे म्हणणे होते. वरच्या आणि खालच्या गावांनी एकत्र बसून वाटा ठरवावा अशी व्यवस्था पूर्ण खोऱ्यासाठी हवी. ती जिल्ह्यांच्या सीमा ओलांडणारी असेल.

तोवर गावाच्या हातात एक तारीख आहे. 2 ऑक्टोबरची ग्रामसभा. पाऊस जवळपास संपलेला, विहिरी सर्वाधिक भरलेल्या, हळद शेतात उभी आणि रब्बीची पेरणी अजून व्हायची असते. ऊसतोडीला जाणारी कुटुंबेही बहुधा गावातच असतात. त्या सभेत पर्जन्यमापकाचा आकडा, दहा-बारा विहिरींची मोजलेली पातळी आणि रब्बीचे क्षेत्र, एवढे तीन आकडे फळ्यावर लिहून त्यावरून पाण्याचा नियम ठरवला तरी पुरे. पुढच्या 2 ऑक्टोबरला तेच तीन आकडे शेजारी लिहायचे. नियम कुणी पाळला, कुणी मोडला, याचा निवाडा करायला मग बाहेरून अधिकारी बोलवावा लागणार नाही.