मेरी हिलियरची झाली माता मेरी

इथल्या संग्रहालयांत मुलांना घेऊन गेले की एक प्रश्न हमखास येतो : "ही डोक्यावरून पदर घेतलेली बाई कोण?" रंगीत चित्रात निळ्या वस्त्रावरून माता मेरी ओळखता येते. पण एकोणिसाव्या शतकातल्या फोटोत निळा रंग कुठून येणार?

याचे उत्तर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंच्या फोटोंत सापडते. बाईंचा जन्म १८१५ सालचा, आपल्या कलकत्त्याचा. १८६३ च्या डिसेंबरात, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांना लेक-जावयाकडून कॅमेरा भेट मिळाला. आइल ऑफ वाइटवरील फ्रेशवॉटरला राहत्या घरी त्यांनी कोळशाच्या खोलीची डार्करूम केली आणि कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ! माता मेरी म्हणून कॅमेऱ्यापुढे बसे ती घरातलीच मोलकरीण, मेरी हिलियर.

खुणा अगदी मोजक्या : डोक्यावरून खांद्यावर उतरलेले वस्त्र, झुकलेली नजर, जवळ मूल. १८६५ च्या 'क्रॉसची सावली' या फोटोत मूल झोपलेले आहे. जुन्या इटालियन चित्रांत झोपलेला बाळ येशू म्हणजे त्याच्या पुढच्या मृत्यूची चाहूल. शिवाय एकेका फोटोला काही मिनिटे लागत; झोपलेले मूल हलत नाही, ही सोयही होतीच. बायबलातील नऊ सद्गुणांवर नऊ फोटो काढून बाईंनी ते १८६५ साली ब्रिटिश म्युझियमला दिले. फोटोच्या मासिकांनी मात्र धूसरपणाबद्दल त्यांना झोडपले. गावात हिलियरला 'मेरी मॅडोना' असेच नाव पडले.

आता आपल्या अल्बमकडे वळू. आजोबांच्या गळ्यातली तुळशीची माळ, आजीच्या हातातली पोथी, या आपल्या खुणा. आपल्याला त्या न सांगता कळतात. इथे वाढलेल्या मुलांना त्या कोण सांगणार? मेरीच्या पदराचा अर्थ आपल्यालाही कुणीतरी सांगावाच लागला ना!

म्हणून आमचे एवढेच सांगणे : सवडीने एका दुपारी जुने फोटो काढा आणि मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. नाव, गाव, नाते, गळ्यात काय, हातात काय आणि का. मराठीत लिहा, इंग्रजीतही लिहा. मेरी हिलियर हे नाव नोंदलेले राहिले, म्हणून आज त्या पदराआडची खरी बाई आपल्याला माहीत आहे. आपली आजी नुसती 'नऊवारीतली कुणी बाई' होऊन राहू नये.